घरच्या वर्कशॉपला एलईडी : आधी चक बघा, मग बिल

काका, तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. नाशकात इंदिरानगरला बंगल्याच्या खाली पार्किंगमध्ये १८ बाय ११ फुटांचं वर्कशॉप, मागचा पाच-सहा फुटांचा भाग पत्र्याच्या शेडखाली. कंपनीतून निवृत्त झाल्यावर छोटा लेथ, लाकडाचा टर्निंग लेथ, पिलर ड्रिल, बेंच ग्राइंडर आणि २ एचपीचा कॉम्प्रेसर घेतला. उजेडाला जुन्या ४० वॅटच्या सहा ट्यूब, तांब्याच्या चोकवाल्या, आणि बारीक कामासाठी ५०० वॅटचा हॅलोजन. संध्याकाळी तीन तास काम. बिल दोन महिन्यांपासून हजारभर रुपयांनी वाढलंय. तर एलईडी लावले की किती वाचेल, किती वॅटचे घ्यायचे, जुन्याच पट्टीत बसतील का, आणि काढलेल्या ट्यूबचं काय करायचं?

एलईडी लावाच, मात्र तपासून : चुकीच्या दिव्याखाली लेथचा फिरता चक, म्हणजे कामाचा तुकडा (जॉब) पकडणारा जबड्यांचा पंजा, थांबलेला दिसतो. पण वाढलेलं हजाराचं बिल त्यानं खाली येणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मी २८ वर्षं सातपूर-अंबडच्या शेडमध्ये वायरिंग आणि लायटिंगची कामं करतोय. 'साहेब, अर्ध बिल वाचेल' असं सांगून बॅटन (एलईडीची तयार पट्टी) विकणारे मी भरपूर पाहिले. त्यांचा हिशेब फक्त लाइटपुरता खरा असतो, आणि लाइट हा वर्कशॉपच्या बिलातला फार छोटा भाऊ आहे.

आकडे मांडू. ४० ची ट्यूब ४० वॅटवर थांबत नाही. तांब्याचा चोक स्वतः गरम होतो, म्हणजे तोही १० ते १२ वॅट खातो. एक पट्टी धरा ५२ वॅट. सहाच्या झाल्या ३१२. रोज तीन तास, महिन्यात २५ दिवस, म्हणजे ७५ तास : २३.४ युनिट. त्या जागी २० वॅटचे सहा एलईडी बॅटन लावले तर १२० वॅट, महिन्याला ९ युनिट. वाचले साडेचौदा युनिट. आकडेमोड सोपी जावी म्हणून युनिटला १० रुपये धरू. महिन्याला दीडशेच्या आत. तुमचा नेमका दर बिलाच्या मागे स्लॅबनुसार छापलेला असतो. एक लक्षात ठेवा, वाचलेले युनिट नेहमी वरच्या स्लॅबमधून आधी कमी होतात. तुमचा वापर ३०० च्या पुढे जात असेल तर तुमच्यासाठी एका युनिटची किंमत सरासरीपेक्षा जास्तच आहे.

माझ्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका, मीटरला विचारा. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी '३२०० इम्प' असं काहीतरी लिहिलेलं असतं, म्हणजे एका युनिटला ३२०० लुकलुक. घरातलं सगळं बंद करा, फ्रिजसुद्धा, फक्त वर्कशॉपच्या सहा ट्यूब चालू ठेवा आणि घड्याळ लावून एक मिनिट मोजा. जितक्या वेळा लुकलुकेल त्याला पावणेएकोणीसनं गुणा, वॅट मिळतात. सोळा-सतरा आले तर माझा ३१२ चा अंदाज बरोबर. मीटरवर दुसरा आकडा असेल तर मिनिटाच्या लुकलुकी गुणिले ६०,०००, भागिले मीटरवरचा आकडा. एलईडी लावल्यावर हीच मोजणी पुन्हा करा, सहा-सात यायला पाहिजे.

आता कॉम्प्रेसर. २ एचपीची मोटर चालू असताना पावणेदोन हजार ते एकोणीसशे वॅट ओढते. तुम्ही काम संपवून वर जाता तेव्हा त्याचा स्विच बंद करता का? बहुतेक लोक करत नाहीत, कारण प्रेशर स्विच 'आपोआप' आहे. पण पाइपाच्या जोडातून, कपलरमधून हवा गळत असते, टाकीचं प्रेशर उतरलं की मोटर आपली आपण उठते. रात्रीतून पाच वेळा पाच-पाच मिनिटं चालली तरी रोज पाऊण युनिट, महिन्याला बावीस. म्हणजे सहा ट्यूब बदलून जेवढं वाचेल त्यापेक्षा जास्त तुम्ही झोपेत असताना फुस्स होतंय. आज रात्री टाकी भरा, मोटरचा स्विच बंद करा, गेजचा आकडा खडूनं भिंतीवर लिहा आणि सकाळी बघा. साबणाचं पाणी आणि टेफ्लॉन टेप, एवढ्यात काम होतं. हजारातलं उरलेलं कुठं गेलं ते बंगल्यात वर शोधा. गिझर, एसी आणि जुना फ्रिज हे नेहमीचे संशयित.

लाइटमधला खरा चोर तो ५०० चा हॅलोजन. दिवसाला एक तास धरला तरी साडेबारा युनिट, जवळपास सहा ट्यूबांच्या बचतीएवढे. दुकानदार म्हणेल, ५० वॅटचा एलईडी फ्लड लावा, तेवढाच उजेड पडतो. तेवढाच पडत नाही. ५०० वॅटचा हॅलोजन नऊ-साडेनऊ हजार लुमेन (दिव्यातून निघणारा एकूण उजेड) देतो आणि ५० वॅटचा फ्लड पाच हजारांच्या आसपास. पण तुम्हाला तेवढा उजेड लागतच नाही. तुम्ही तो लांबून मारत होता, म्हणून एवढा मोठा लागत होता. दिवा कामाच्या अर्ध्या अंतरावर आणला की उजेड चौपट होतो. शेड असलेला १० वॅटचा दिवा लवचीक दांड्यावर जॉबपासून दोन फुटांवर धरा, सातशे ते हजार लक्स (जॉबवर पडणारा उजेड) सहज मिळतात. साडेबाराचे पाव युनिट झाले. मानेवर घाम येणार नाही ते वेगळंच.

एवढं झालं की बिलाचा विषय माझ्या दृष्टीनं संपला. सगळं मिळून लाइटमध्ये महिन्याला अडीचशे रुपये वाचतील, बॅटन आणि मजुरीचा खर्च वर्षाच्या आत निघेल. आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते.

१९९८-९९ च्या सुमाराची गोष्ट. अंबडमधल्या एका टर्निंगच्या शेडमध्ये मी नवी लाइन ओढत शिडीवर होतो. खाली लेथवर विशीतला पोरगा. सगळ्या ट्यूब एकाच फेजवर. वरून मला चक थांबलेला दिसत होता, तिन्ही जबडे स्पष्ट, आणि तो पोरगा हातात कॉटन वेस्ट घेऊन जॉब पुसायला हात पुढे नेत होता. फोरमननं मागून कॉलर धरून त्याला असा ओढला की दोघंही धातूच्या चिप्सच्या ट्रेवर पडले. चक फिरत होता. मोटरच्या आवाजावरून कळायला हवं होतं, पण शेजारी आठ मशिनं चालू होती, आवाज कुणाचा ते कुणाला कळणार?

यात जादू नाही, गणित आहे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्‌झची, म्हणून चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते. तीन जबड्यांचा चक २००० आरपीएमला फिरत असेल तर सेकंदाला तेहतीस फेरे आणि एक तृतीयांश. त्याला तिनं गुणा, बरोबर १०० जबडे. प्रत्येक वेळी उजेड तेज होतो तेव्हा कुठला ना कुठला जबडा त्याच जागी असतो. डोळा म्हणतो, थांबलाय. १००० आरपीएमला तोच चक सहा जबड्यांचा असल्यासारखा दिसेल, थांबलेलाच. चार जबड्यांचा चक १५०० ला फसवतो. आणि वेग थोडासा कमी असला तर चक सावकाश उलटा, थोडासा जास्त असला तर सावकाश सुलटा सरकताना दिसतो, ते बघून तर माणूस आणखीच बिनधास्त होतो.

म्हणून जुने वायरमन शेडमधल्या ट्यूब तीन फेजवर वाटून लावायचे. एक मंद होते तेव्हा दुसरी तेज असते. तुमच्याकडे सिंगल फेज आहे, तो उपाय नाही. पण जुन्या ट्यूबमध्ये एक चांगली गोष्ट होती. आतली पावडर क्षणभर चमकत राहते, त्यामुळे ट्यूब पूर्ण काळोखी कधीच होत नाही. फिरणाऱ्या चकाची थोडी धूसर सावली तरी दिसत राहते. एलईडीला अशी आठवण नाही. करंट थांबला की उजेड तिथल्या तिथे शून्य. आत चांगला ड्रायव्हर (एलईडीला करंट देणारं सर्किट) असेल, त्यात करंटमधले खड्डे भरणारा कपॅसिटर असेल, तर करंट सपाट मिळतो आणि एलईडी ट्यूबपेक्षा कितीतरी सुरक्षित. पण स्वस्त बॅटनमध्ये पैसे वाचवायला तो कपॅसिटरच काढलेला असतो. मेन्सचा करंट जसा उड्या मारतो तसा उजेड सेकंदाला १०० वेळा पूर्ण विझतो आणि पेटतो. बसून पेपर वाचताना कळणार नाही, फार तर डोकं दुखेल. लेथवर मात्र असा दिवा जुन्या ट्यूबपेक्षा वाईट. मी स्वतः हे एकदा भोगलंय. सिडकोतल्या एका लाकूडकाम करणाऱ्या मित्राकडे घाईत स्वस्तातले आठ बॅटन लावून दिले. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन : 'अरे, जॉब उभा दिसतोय.' आठही काढले, पैसे माझ्या खिशातून गेले. तेव्हापासून एकही बॅटन तपासल्याशिवाय शिडीवर नेत नाही.

तपासायचं कसं? दुकानात काउंटरवर बॅटन लावून दाखवायला सांगा. मोबाइलच्या कॅमेऱ्यात स्लो मोशन लावा आणि बॅटनवर नाही, तर त्याच्या उजेडातल्या पांढऱ्या कागदावर धरा. शूटिंग परत बघताना कागद धडधडताना दिसला तर तो बॅटन काउंटरवरच राहू द्या. स्लो मोशन नसेल तर सहा इंची स्टीलची पट्टी घ्या, दिव्याखाली पंख्यासारखी जोरात हलवा. पट्टीचा सलग धूसर पंखा दिसला तर ठीक. एकामागे एक सुट्या पट्ट्या दिसल्या, पत्ते पसरल्यासारख्या, तर दिवा विझत-पेटत आहे. हे करताना दुकानदार तुमच्याकडे विचित्र नजरेनं बघेल, बघू द्या. दुकानात इतर लाइट चालू असतात त्यांचीही धडधड मिसळते, म्हणून शक्य असेल तर कोपऱ्यात नेऊन, बाकीचा उजेड आडवून बघा. एकच नमुना आणून घरी अंधारात तपासणं सगळ्यात बरं, मग बाकीचे पाच त्याच खोक्यातले घ्या.

खोक्यावर बघायच्या दोनच गोष्टी. एक, वॅट नव्हे, लुमेन. २० वॅटला २००० लुमेन हे किमान. चांगल्या मालात २२००-२४०० मिळतात. लुमेन लिहिलेलेच नसतील तर समजून जा. दुसरी, बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह आणि त्याखाली 'आर' नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक. '५०,००० तास' वगैरे वाचून हुरळू नका. तो आकडा एलईडीच्या चिपचा असतो, आणि चिप क्वचितच मरते. मरतो ड्रायव्हर.

ड्रायव्हर मरण्याची दोन कारणं नाशकात मी वर्षानुवर्षं बघतोय. पहिलं गरमी. आतला कपॅसिटर तापमान दर दहा अंशांनी वाढलं की साधारण निम्म्या आयुष्याचा होतो, हा इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचा जुना हिशेब आहे. मे महिन्यात बाहेर ४० असताना पत्र्याच्या पोटाला लावलेल्या बॅटनची काय गत होत असेल? तुमच्या मागच्या पाच-सहा फुटांत बॅटन पत्र्याला किंवा अँगलला चिकटवू नका. साखळीनं किंवा तारेनं नऊ इंच ते फूटभर खाली सोडा, वरून वारा फिरू द्या. आणि त्या भागात बंद बॉडीचे, आयपी ६५ वाले घ्या. एक म्हणजे ग्राइंडरची लोखंडी धूळ. ती वीज वाहून नेते, उघड्या पट्टीवर बसली की कधीतरी काम करते. दुसरं म्हणजे जूनमध्ये पहिला पाऊस पडला की येणारी पाखरं. एका रात्रीत डिफ्युझरमध्ये मूठभर भरतात, आणि मग वर्षभर तुम्ही त्यांच्या सावलीत काम करता.

दुसरं कारण न्यूट्रल. आमच्या गल्लीत एकदा वादळी पावसात खांबावरचा न्यूट्रलचा जोड सुटला. तीन फेजचा तोल गेला आणि काही घरांत दीडशे, काही घरांत साडेतीनशे व्होल्ट. ज्यांच्याकडे साडेतीनशे गेले त्यांचे एलईडी दहा मिनिटांत ओळीनं फट फट फुटले. एका जुन्या आजोबांच्या घरातल्या चोकच्या ट्यूब मात्र गुरगुरत का होईना, टिकल्या. लोक म्हणाले, सर्ज प्रोटेक्टर असता तर वाचलो असतो. नाही. सर्ज प्रोटेक्टर क्षणभराचा झटका खातो, वीज कडाडली, ट्रान्सफॉर्मरवर स्विचिंग झालं, एवढ्यापुरता. मिनिटं-मिनिटं जादा व्होल्टेज राहिलं तर तो आधी जळतो. त्यासाठी ओव्हर-अंडर व्होल्टेज कटऑफ लागतो, जो सप्लायच तोडतो. तुमच्या वर्कशॉपच्या बोर्डावर दोन्ही लावा, आणि लावताना मीटरपासून आलेल्या न्यूट्रलचा स्क्रू आवळून घ्या. मी उघडलेल्या बोर्डांपैकी निम्म्यांत तो ढिलाच सापडतो.

आता किती बॅटन आणि कुठे. तुमची जागा साधारण साडेअठरा चौरस मीटर. सहा बॅटनचे १२,००० लुमेन. त्यातला निम्मा उजेड भिंती, छत आणि रॅक खातात, उरलेल्यातला पाचवा हिस्सा धूळ बसल्यावर जातो. हिशेबानं कामाच्या उंचीवर २६० लक्स राहतात. साध्या बेंचकामाला भारतीय मानकांत ३०० च्या आसपास धरतात, मध्यम कामाला ५००, बारीक कामाला ७५०. म्हणजे सहा बॅटन फिरायला, हत्यार शोधायला, लाकूड रंधायला ठीक, आणि लेथ-ड्रिलवर मघाचा १० वॅटचा दिवा. सगळ्या खोलीत ७५० लक्स आणायला जाऊ नका, तो पैशाचा आणि विजेचा अपव्यय. आठ बॅटनपेक्षा सहा बॅटन आणि एक डबा पांढरा डिस्टेंपर जास्त उजेड देतो. काळवंडलेली भिंत आलेला उजेड गिळते, पांढरी परत फेकते.

जागा मात्र बदला. माझा अंदाज, तुमच्या ट्यूब खोलीच्या मधोमध एका ओळीत आहेत आणि बेंच भिंतीला लागून. म्हणजे बेंचवर वाकलात की उजेड तुमच्या पाठीवर आणि जॉबवर तुमचीच सावली. बॅटनची ओळ बेंचच्या पुढच्या कडेच्या बरोबर वर किंवा भिंतीकडे अर्धा फूट सरकवून घ्या. दोन बेंचवर, दोन मध्ये, दोन पत्र्याखाली. जुने हूक तिथेच आहेत म्हणून तिथेच लावायचं, या आळसापायी अर्ध्या लोकांचा एलईडी वाया जातो.

मशिनवरच्या दिव्याबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण हात तिथे असतो. लेथला मूळचा २४ व्होल्टचा मशिन लॅम्प असेल तर त्याला आतल्या ट्रान्सफॉर्मरवरून एसी येतो. त्यात बाजारातला २४ चा एलईडी बल्ब सरळ घातला तर तो पेटेल, पण बहुतेक वेळा धडधडेल. शे-पाचशे रुपयांचा २४ व्होल्ट डीसीचा छोटा एसएमपीएस (एसीचं सपाट डीसी करणारा डबा) लावा आणि डीसीवरचा दिवा चालवा, धडधड संपली. तोपर्यंत जुना फिलामेंटचा बल्ब राहू द्या. फिलामेंट तापून राहते म्हणून तो फसवत नाही. सगळं काही एलईडी केलंच पाहिजे असा वटहुकूम नाही. आणि दिवा डोक्यावरून सरळ खाली मारू नका. व्हर्नियर हातात धरून बघा : उजेड वरून आला की पट्टी नुसती चमकते, रेघा दिसत नाहीत. तोच दिवा बाजूला, पट्टीच्या जवळजवळ समांतर खाली आणा. कोरलेल्या प्रत्येक रेघेत सावली भरते, आणि कुठली रेघ कुठल्या रेघेला जुळली ते चष्म्याशिवाय कळतं. मार्किंगच्या रेघा आणि सेंटर पंचची खूणही अशाच तिरक्या उजेडात उमटतात.

रंगाचं म्हणाल तर दुकानदार न विचारता ६५०० केल्विनचा पांढराफटक देईल, कारण आपल्याकडे पांढरा म्हणजे जास्त उजेड अशी समजूत. ४००० मागा, न मिळाल्यास ६५०० नं काही बिघडत नाही. पॉलिश किंवा शेड जुळवायचं काम असेल तिथे मात्र सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० चा एक दिवा ठेवा. साध्या ८० च्या उजेडात सागाचा लालसरपणा मरतो आणि दिवसा बाहेर नेल्यावर पॉलिश भलतंच दिसतं.

जुन्या पट्टीत एलईडी ट्यूब बसेल का? बसते. मी बसवत नाही. बसवायचीच तर बहुतेक वेळा चोक आणि स्टार्टर काढून वायरिंग बदलावं लागतं, आणि इथे घोळ आहे : काही ट्यूबना फेज-न्यूट्रल एकाच टोकाला द्यायचा असतो, काहींना दोन टोकांना. ट्यूबवर चित्र छापलेलं असतं, ते न बघता जोडलं तर फटाका. दोन टोकांवाल्या ट्यूबचं एक टोक होल्डरात असताना दुसऱ्या टोकाच्या पिना हाताला लागल्या तर शॉक बसू शकतो. मेन बंद केल्याशिवाय हात लावायचा नाही. वर ते २५ वर्षांचे होल्डर, दाबले की पिवळी पूड पडते. नवा बॅटन दोनशे ते चारशे रुपयांत येतो. काका, इथे काटकसर करू नका.

वायरिंगला हात लागलाच आहे तर लाइटला वेगळा ६ अँपिअरचा एमसीबी द्या. मशिननं एमसीबी पाडला आणि लाइटही गेली, लेथ मात्र आधीच्या वेगानं अजून फिरतोय, हा प्रसंग अंधारात नको. एक बॅटन घरच्या इन्व्हर्टरवर टाका. आणि लाइट परत आल्यावर मशिन आपोआप सुरू होत असेल तर डीओएल स्टार्टर बसवून घ्या, तो सप्लाय गेला की सुटतो आणि बटण दाबल्याशिवाय परत धरत नाही. नवीन बॅटन बंद केल्यावरही रात्री मंद जळताना दिसला तर भूत समजू नका. एकतर स्विच फेजऐवजी न्यूट्रल तोडतोय, नाहीतर स्विचमध्ये इंडिकेटर आहे. पहिलं असेल तर लगेच बदलून घ्या, कारण मग दिवा बंद असतानाही आत फेज उभी आहे.

तुम्ही विचारलं नाही, तरी एक. शेजाऱ्यांचे जॉब पैसे घेऊन करायला लागलात तर वीज कुठल्या दरात वापरताय याला अर्थ येतो. घराच्या एका भागात छोटा व्यवसाय करणाऱ्याला महिना ३०० युनिट आणि वर्षाला ३६०० युनिटपर्यंत घरगुती दरातच ठेवण्याची सवलत महावितरणच्या दरपत्रकात राहिलेली आहे. चालू दरपत्रकात ती बघून घ्या. त्यापुढे गेलात आणि कनेक्शन घरगुतीच ठेवलंत, तर २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दरानं आकारणी होऊ शकते. सहा बॅटनची दहा वर्षांची बचत एका नोटिशीत जाईल.

राहिल्या जुन्या ट्यूब. प्रत्येकीत काही मिलिग्रॅम पारा असतो, म्हणून पोरांना फोडायला देऊ नका आणि गच्चीवर वर्षानुवर्षं साठवूही नका. नव्या बॅटनच्या खोक्यात घालून, न फोडता, घंटागाडीवाल्याला घरगुती घातक कचरा म्हणून वेगळ्या द्या किंवा ई-कचरा घेणाऱ्याकडे पोचवा. एखादी फुटलीच तर पंखा बंद करा, शटर उघडा, पंधरा मिनिटं बाहेर चहा घ्या. मग ओल्या कागदानं टिपून घ्या, झाडू किंवा व्हॅक्यूम फिरवू नका. चोक मात्र कुणाला फुकट देऊ नका. आत तांबं आहे. भंगारवाला 'लोखंडाच्या भावात घेतो' म्हणेल, तेव्हा त्याच्यासमोर एकावर चुंबक लावून दाखवायला जाऊ नका, पत्रा लोखंडाचाच असतो, चुंबक चिकटेल आणि तुम्ही हराल. एक चोक कानशीनं थोडा उघडा, वेटोळं दिसू द्या आणि मग भाव विचारा.